मणकेकाकांचा उजवा डोळा

अंगणात दोऱ्या दोन दिसत होत्या, म्हणून मणकेकाकांनी ओला टॉवेल मागच्या दोरीवर टाकला. टॉवेल सरळ खाली गेला आणि चिखलात पडला. मागची दोरी नव्हतीच.

"अहो, एवढी ढळढळीत दोरी दिसत नाही का?" खिडकीतून बायको ओरडली.

"दिसते की," काका म्हणाले. "दोन दोन दिसतात."

हे ते गमतीनं म्हणाले. टॉवेल उचलला, झटकला, आणि मग तो हातातच राहिला. डावा डोळा झाकून त्यांनी नुसत्या उजव्यानं दोरीकडे पाहिलं. दोरीला चिकटून तिची एक फिकट जुळी बहीण. विजेच्या तारेकडे पाहिलं, तिलाही एक. समोरच्या घराच्या खिडकीचे गज दुप्पट. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, वय झालं, दाखवू कधीतरी, आणि जेवून झोपला असता. काकांचं मात्र धाबं दणाणलं. रेघा मोजणं हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता, आणि एकीच्या जागी दोन रेघा आहेत असं त्यांनी नुकतंच साऱ्या जगाला कळवून टाकलं होतं.

सारं जग म्हणजे तशी पाच-सात माणसं. पण ती माणसं जे ठरवणार होती, ते जग मानणार होतं.

आता हे जरा मागं जाऊन सांगायला हवं. मणकेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. असं नाव कोणी पोराचं ठेवत नाही. समुद्राकाठच्या मत्स्य संशोधन केंद्रात ते कामाला होते आणि पाकटाचे मणके कापून त्याचं वय सांगणं हे त्यांचं काम. पाकट म्हणजे तो चपटा, पसरट, चाबकासारख्या शेपटीचा, वाळूत अंग पुरून बसणारा मासा. बाकीच्या माशांचं वय खवल्यांवरून काढता येतं. पाकटाला खवले नाहीत, त्याचं सगळं मणक्यात. तो मणका एवढासा, डमरूच्या घाटाचा. तो उकळून साफ करायचा, वाळवायचा, राळेत बसवायचा, मधोमध कापून पातळ चकती काढायची, घासून घासून काचेवर चिकटवायची आणि मायक्रोस्कोपखाली धरायची. झाडाच्या खोडात असतात तशा रेघा दिसतात. मोजायच्या आणि वय सांगायचं. ऐकायला काय, सोपंच वाटतं. पण त्या रेघा भारी लबाड. कधी ठळक, कधी पुसट, आणि बाजूचा स्क्रू जरा फिरवला की इथून नाहीशा होतात आणि भलतीकडेच उगवतात. नवा माणूस त्या खुर्चीवर दोन तास बसला की डोकं धरून उठायचा.

काका तरुणपणी दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात होते. साचे ओतायचे, घासायचे, चकाकी आणायची. मालकानं धंदा गुंडाळला तेव्हा केंद्रात तात्पुरती जागा निघाली होती. मुलाखतीत एवढंच विचारलं, पातळ काप काढता येतील का? काका म्हणाले, "साहेब, केसाएवढा फरक राहिला तरी कवळी हिरडीला चावते. मी बनवलेली अजून कोणाला चावलेली नाही." तात्पुरते म्हणून लागले आणि केस पिकेपर्यंत तिथंच राहिले. बायकोच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या मासेमारी. लग्न ठरवताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "जावई मासे धरतो का?" "नाही, मेलेल्या माशांचं वय काढतो." सासरे बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "त्या बिचाऱ्यांना आता वय कळून काय उपयोग?"

या सगळ्या कामात डाव्या डोळ्याचा वाटा शून्य. तो लहानपणापासूनच अधू, जन्मला तोच रजेवर गेल्यासारखा. सगळी नोकरी एकट्या उजव्यानं केली, चष्मा मात्र दोघांनी मिरवला.

खाडीच्या तोंडाशी राहणारी ही पाकटाची जात एकेकाळी ढिगानं मिळायची. मग कमी कमी होत गेली. काही वर्षांपूर्वी तज्ज्ञांनी बसून तिच्या नावापुढे 'अतिसंकटग्रस्त' असं लिहिलं. त्याच्यापुढे मग समुद्रातून संपल्याचीच नोंद उरते. लगोलग खाडीच्या तोंडाशी जाळी टाकायला बंदी आली. हे ठरवायची रीत अशी, की त्या जनावराच्या तीन पिढ्यांत ते किती घटलं ते पाहायचं. पिढी किती वर्षांची हे कळायला वय कळायला हवं, आणि आपल्या पाकटाच्या मणक्यात वर्षाला किती रेघा पडतात हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. मग थंड समुद्रातल्या त्याच्या एका चुलत बहिणीचं माप उसनं घेतलं. ती बहीण सावकाश वाढणारी, उशिरा वयात येणारी, वर्षाला एक रेघ. त्या मापानं तीन पिढ्या मोजायच्या म्हणजे पार पणजोबांच्या काळापर्यंत मागं जावं लागलं, आणि तेव्हापासूनची घट अंगावर काटा आणणारी होती.

यंदा त्याच निर्णयाची फेरतपासणी निघाली होती. मधल्या काळात केंद्रानं काही पाकटांना एका रंगाचं इंजेक्शन देऊन, खूण बांधून समुद्रात सोडलं होतं. त्यातली काही पुन्हा सापडली, कोणी वर्षानं, कोणी दोन-तीन वर्षांनी. इंजेक्शनच्या वेळी मणक्यात जो थर पडतो, तो खास दिव्याखाली पिवळा चमकतो. त्या चमकत्या रेघेच्या बाहेर किती रेघा पडल्या, एवढंच पाहायचं. काकांनी पाहिलं. वर्षाला दोन.

दोन म्हणजे वय निम्मं. इतके दिवस ज्याला सगळे म्हातारं समजत होते ते पाकट तरणंताठं निघालं! ते लवकर वयात येतं, लवकर पिल्लं घालतं, आणि त्याच्या अलीकडच्या पिढ्यांपुरतं पाहिलं तर घसरण पुष्कळ थोपलेली. केंद्राच्या प्रमुख बाई, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, त्यांनीही स्वतः मोजलं. त्यांच्याही दोन. धोक्याच्या शिडीवरून पाकटाला दोन पायऱ्या खाली उतरवावं असा मसुदा मॅडमनी फेरतपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना पाठवून दिला. आणि त्यानंतर काकांचा टॉवेल चिखलात पडला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिवा मारून पाहिलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू. बराच जुना दिसतोय. याच्यामुळे एकाचं दोन दिसतं बघा, बारीक रेघांचं तर हमखास. काम काय करता?"

"बारीक रेघा मोजतो," काका म्हणाले.

डॉक्टर खो-खो हसले. काकांना हसू आलं नाही.

नोकरीची त्यांना काळजी नव्हती, ती संपतच आली होती. भीती वेगळीच होती. दोन रेघा खऱ्या असतील तर पाकट सावरतंय. आणि दुसरी रेघ मोतीबिंदूची असेल तर पाकट मरायला टेकलंय, आणि मणकेकाकांच्या शब्दावर खाडी उघडणार, जाळी पडणार, उरलंसुरलं तेही जाणार. आपल्या डोळ्यातल्या एका डागापायी एक अख्खी जात पुसली जाईल, हा विचार मनात आला आणि काकांनी वाढलेलं ताट तसंच बाजूला सारलं.

मॅडमनीही दोनच मोजल्या की, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. पण मॅडमना शिकवलं कोणी? नव्या आल्या तेव्हा काकांनीच त्यांना शेजारी बसवून दाखवलं होतं, "ही ठळक पाहिलीत ना? आता तिच्या आत ती बारीक शोधा. सापडली?" सापडेपर्यंत त्यांना उठू दिलं नव्हतं. म्हणजे दोन माणसांनी दोनदा मोजलं असं कागदावर दिसत होतं, पण मोजणारा डोळा एकच होता, आणि तो नासका.

पुढचे काही दिवस काकांनी मायक्रोस्कोपला हात लावला नाही. खण आवरले, ब्लेड पुसली, राळेचे डबे उगाच या फळीवरून त्या फळीवर ठेवले. कोणी काही विचारलं तर अंगावर यायचे. घरी बायकोनं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्यांनी जेवणाला नावं ठेवली. तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही.

मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दर आठवड्याला यायचा. त्याची स्वतःची होडी होती. खाडीच्या तोंडाशी बंदी आल्यापासून त्याला लांब बाहेर जावं लागे. आला की चप्पल काढायच्या आधी त्याचा एकच प्रश्न असायचा, "काय भाऊजी, सुटतंय का?" खाडीवरची बंदी सुटतेय का, असा सगळे त्याचा अर्थ घेत, आणि काका वैतागत. हा माणूस स्वप्नातही जाळंच टाकत असेल, असं ते बायकोला म्हणत. मसुदा गेला त्या आठवड्यात मात्र ते खुशीत होते आणि "सुटेल बहुतेक" म्हणाले होते.

आज तो आला, चप्पल काढता काढता त्यानं विचारलं, आणि काका एकदम म्हणाले, "नाही सुटत. सगळं फिसकटलंय."

मग त्यांनी दोरीपासून सगळं सांगितलं. बायको हातातली कणीक तशीच ठेवून ऐकत राहिली.

"म्हणजे मीसुद्धा दोन दिसते का?" तिनं विचारलं.

"नाही. तू एकटीच दोघींना भारी आहेस."

ती हसली नाही. तेव्हा काकांच्या लक्षात आलं की प्रकरण घरातही तेवढंच गंभीर झालंय.

"मग आता?" मेव्हणा म्हणाला.

"आता काय. पुन्हा मोजावं लागेल. एकच रेघ निघाली तर तुझी खाडी बंदच राहील."

"खाडी घाला चुलीत, भाऊजी! मी पाकटाचं विचारतोय!"

काका त्याच्याकडे बघतच राहिले.

"इतकी वर्षं दुसरं काय विचारतोय मी? पाकट यातनं सुटतंय का, की जातंय?" मेव्हण्याचा आवाज चढला होता. "बाबांबरोबर त्याच तोंडाशी जाळं ओढायचो आम्ही. पोटुशी पाकटं यायची. होडीच्या फळीवर पडली की घाबरून तिथंच पिल्लं टाकायची. बाबा एखादं उचलून पाण्यात सोडायचे, बाकीची तशीच राहायची. तुमच्या लोकांनी ते अतिसंकट का काय ते लिहिलं ना, तेव्हापासून वाटतं, आपणच संपवलं. आपल्या हातानं. तुम्ही परवा सुटेल म्हणालात, तर घरी जाऊन शांत झोपलो मी."

 जो माणूस आपण इतकी वर्षं जाळ्यापलीकडे न बघणारा समजत होतो, तो असा निघाला, याची काकांना लाज वाटली, आणि आपली भीती वाटून घ्यायला घरात अजून कोणीतरी आहे, याचं बरंही वाटलं.

"उद्या मॅडमना सांगा," बायको म्हणाली, "आणि डोळा कापून घ्या. एवढंच आपल्या हातात आहे ना? मग तेवढं करा. आणि माझ्या भाजीला पुन्हा नावं ठेवू नका."

मॅडम वयानं काकांच्या मुलीसारख्या. काकांचं सांगून झाल्यावर त्यांनी टेबलाचा खण उघडला, आत काही नव्हतं, तो बंद केला.

"काका, मसुदा गेलाय."

"माहितीये."

"मीपण दोनच मोजल्यात."

"आणि मोजायला शिकवलं कोणी?"

मॅडम खुर्चीत बसल्या. पुन्हा उठल्या, मायक्रोस्कोपला डोळा लावला, बराच वेळ स्क्रू मागंपुढं करत राहिल्या. "मला अजून दोनच दिसतात," त्या म्हणाल्या. "पण त्या आहेत म्हणून दिसतात, की तुम्ही सांगितल्या म्हणून दिसतात, हेच आता मला कळेनासं झालंय." त्यांचा चेहरा इतका पडला की काकांना आपल्याच शिकवण्याचा राग आला.

त्याच दिवशी त्यांनी तज्ज्ञांना कळवायला घेतलं. "मोतीबिंदू असं स्पष्ट लिहू ना, काका?"

"लिहा की. मोतीबिंदूच आहे, चोरी नाही केलेली."

तज्ज्ञांमध्ये एक ज्येष्ठ गृहस्थ होते. थंड समुद्रातल्या त्या चुलत बहिणीवर त्यांनी उभा जन्म घालवला होता, आणि वर्षाला एकच रेघ हे त्यांचं पहिल्यापासूनचं मत. केंद्रात त्यांना थंड समुद्राचे साहेब म्हणत. उत्तर त्यांचंच आलं. बैठक पुढं ढकलू. डोळा बरा होऊ द्या. नव्या चकत्या दुसऱ्या कोणाकडून कापून घ्या. कोणतं पाकट किती वर्षांनी सापडलं ती यादी माझ्याकडे द्या, तुमच्याकडची मिटवा. मग तुमच्या माणसाला आमच्यासमोर मोजू द्या, मी बघतो.

"चांगलं झालं," काका म्हणाले. "हा माणूस आपल्या बाजूचा असता तर त्यानं न तपासताच मानलं असतं. आता निदान खरं काय ते कळेल." हे बोलायला ठीक होतं. 

शस्त्रक्रिया म्हणजे काही विशेष नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि डोळा दुसऱ्याचा असला की ते तसंच वाटतं. पट्टी काढली तेव्हा बायको समोरच उभी होती.

"कशी दिसते मी?"

"स्वच्छ."

"स्वच्छ म्हणजे?"

"म्हणजे छान गं."

"बरं. चेहऱ्यावरच्या रेघा मोजत बसू नका म्हणजे झालं."

काकांची नजर मात्र तिच्या खांद्यावरून खिडकीबाहेर गेली होती. तिथं एक तार होती. एकच. तिच्या मागची ती फिकट बहीण गेली होती, पुसून टाकल्यासारखी. मोतीबिंदू निघाल्याचा एवढा धसका जगात दुसऱ्या कोणी घेतला नसेल. तारेची जोडीदारीण गेली, तशी पाकटाचीही गेली असेल तर? डॉक्टरांनी इतक्यात मायक्रोस्कोपला डोळा लावायचा नाही म्हणून बजावलं होतं, त्यामुळे जाऊन बघायचीही सोय नव्हती. घरात काळा चष्मा लावून ते बसून असायचे. मेव्हणा आता रोज यायचा, केळी आणायचा, समोर बसायचा आणि उठून जायचा. विचारायचा काही नाही. त्यापेक्षा विचारत होता तेच बरं होतं, असं काकांना वाटे.

बैठकीच्या दिवशी केंद्रातल्या कोपऱ्यावरच्या खोलीचे पडदे ओढून घेतले होते. भिंतीवरच्या पडद्यावर चौकटी-चौकटीत तज्ज्ञांचे चेहरे. एकाच्या मागं कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता. मायक्रोस्कोपला कॅमेरा होता, पण त्याच्या चित्रात निम्म्या रेघा धुऊन जायच्या. मोजायला शेवटी माणूसच लागायचा. शेजारच्या विभागातल्या बाईंनी चकत्या कापल्या होत्या. त्यांवरच्या खुणा झाकायला काळी चिकटपट्टी, आणि पट्टीवर फक्त आकडा. मॅडम खोलीच्या पार मागं, हाताची घडी घालून बसल्या. त्यांनी काकांकडे बघायचंही नाही असं ठरलं होतं.

"चौथी घ्या," साहेब म्हणाले.

काकांनी चौथी चकती ठेवली, खास दिवा लावला. पिवळी रेघ चमकली. दिवा बदलून ते तिच्या बाहेर बघू लागले. अख्खं चित्र असं लख्ख त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. एक ठळक रेघ. मग पांढरी पट्टी. मग दुसरी ठळक रेघ. मग कड. त्या दोघींच्या मधली बारीक रेघ, जी त्यांनी मॅडमना दाखवली होती, जिच्यावर सगळा मसुदा उभा होता, ती कुठंच नव्हती.

 संपलं, असं वाटलं. ती माझीच होती, माझ्या डोळ्यातली. कुत्रा भुंकायचा थांबला होता. काकांना मेव्हण्याचा चेहरा दिसला, फळीवर पडलेली ती पिल्लं दिसली, आणि त्यांनी स्क्रूवरचं बोट काढायच्या आधी, निव्वळ सवयीनं, तो केसभर फिरवला.

बारीक रेघ उगवली.

ती होती. चकतीत जरा खाली बसली होती, एवढंच. काकांनी अंगठ्यानं कपाळाचा घाम पुसला. आता ती दिसतेय म्हणून मोजायची, की हवीय म्हणून दिसतेय? त्यांनी डोळा मिटला, दहा श्वास घेतले, आणि उलट बाजूनं सुरुवात केली. कडेकडून आत, चमकत्या रेघेपर्यंत. ठळक, बारीक, ठळक, बारीक.

"चार," ते म्हणाले. आवाज चिरकला.

"पहिली," साहेब म्हणाले.

"दोन."

"सहावी."

इथं त्यांना फार वेळ लागला. एका चौकटीतला माणूस पाणी पिऊन आला. "सहा," काका म्हणाले. पुढच्या एकीला ते "तीन" म्हणाले आणि लगेच वाटलं, तीन कसे येतील, तीन यायला नकोत. पुन्हा पाहिलं. तीनच होत्या. "तीनच," ते म्हणाले, "मी काय करू?" मागं मॅडमची खुर्ची करकरली.

सगळ्या झाल्यावर साहेबांनी आपल्यापुढचा कागद हातात घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला. त्यांना कोणतीही घाई नव्हती.

"चौथी चकती. हे पाकट दोन वर्षांनी सापडलं. तुम्ही म्हणालात चार. पहिलं, एका वर्षानं. दोन. सहावं, तीन वर्षांनी. सहा." मग ते थांबले. "आणि ज्याला तीन म्हणालात ते दीड वर्षानं सापडलं होतं."

 साहेब त्या कागदाकडे बघत राहिले. उभ्या जन्माचं मत असं समोर पडलेलं बघताना माणसाला काय वाटतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग चष्मा खाली घेऊन ते म्हणाले, "ठीक आहे. वर्षाला दोन. मला मान्य आहे. पुढचा मुद्दा घेऊ."

आणि खरोखरच त्यांनी पुढचा मुद्दा घेतला. तो बराच वेळ चालला. दुसऱ्या किनाऱ्यांवर पाकटं किती उरलीत याची पुरेशी माहिती नाही, म्हणून दोन पायऱ्या नाही, एकच पायरी खाली आणावं असं ठरलं. अतिसंकटग्रस्त होतं, ते आता संकटग्रस्त. पिल्लं घालायच्या महिन्यांत खाडीची बंदी राहावी अशी शिफारसही जोडायची झाली. मॅडमनी दोन्हीला मान डोलावली. दोन पायऱ्यांसाठी त्या भांडतील असं काकांना वाटलं होतं, पण त्यांचाही जीव भांड्यात पडला होता आणि त्यांना आता कोणाशीच भांडायचं नव्हतं. काका मायक्रोस्कोपशी तसेच बसून होते. पुढचं त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे.

पडदा बंद झाला. मॅडम जवळ आल्या तर काकांच्या उजव्या डोळ्यातून धार लागली होती. डाव्यातूनही; आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बरोबरीनं काम केलं.

"काका, अहो, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणालेत ना डॉक्टर?"

"जात नाहीये," काका म्हणाले. "येतंय."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. घरून होता. काकांनी तो उचलला, कानाला लावला, आणि काही केल्या त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मॅडमनीच मग तो त्यांच्या हातातून घेतला.

"काकू, मी बोलतेय. काका जरा रडतायत."

 पलीकडून बायकोचा अगदी बारीक आवाज आला, "गेलं का हो पाकट?"

"नाही, काकू. आहे. पाकट आहे. आपल्याला वाटत होतं त्याच्यापेक्षा पुष्कळ तरुण आहे."

बायकोनं फोन बाजूला धरून कोणाला तरी सांगितलं, "आहे म्हणाल्या."

"नीट विचार," मेव्हण्याचा आवाज आला. "आहे म्हणाल्या ना?"

"आहे म्हणाल्या रे."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बायको म्हणाली की तो खाली जमिनीवरच बसलाय, त्याला पाणी देते, आणि तिनं फोन ठेवला.